मुलांच्या हाती ओळंबा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



प्रतिवर्षीच्या प्रथेप्रमाणे संमेलनाच्या या सत्रात एखाद्या समाजोपयोगी विषयावर विचार मांडावेत, अशी सूचना मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली. ती शिरोधार्य मानून आम्ही एक साधाच, परंतु आपल्या ज्ञातीच्या जिव्हाळ्याचा विषय आपणांपुढे ठेवीत आहोत. बांधकाम, सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या कुशल उद्योगांची ओळख आपल्या मुलामुलींना लहानपणीच, प्रत्यक्ष हाताने काही करवून, का आणि कशी घडवावी, हा तो विषय होय.

आपण विश्वकर्म्याचे उपासक. मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ या विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांनी अनुक्रमे लोखंड, लाकूड, तांबे, दगड आणि सोने हाती घेतले, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. आपल्या समारंभांत वेरूळच्या कैलास लेण्याचा उल्लेख झाला नाही, असे क्वचितच घडते. तो उल्लेख योग्यच आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आश्रयाने घडलेले ते मंदिर कारागिरांनी एकाच खडकातून वरून खाली असे कोरीत आणले. अशा कामात एकदा काढलेला दगड पुन्हा बसविता येत नाही. शिखर कोरीत असताना पायथा कोठे येणार हे डोळ्यांपुढे स्पष्ट असल्याखेरीज छिन्नीचा पहिला घावही घालता येत नाही. एवढी बुद्धी ज्या हातांत होती, त्या हातांचे आपण वारस म्हणवितो.

परंतु वारसा सांगणे वेगळे आणि तो हाती असणे वेगळे. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करितो. पुष्कळ घरांत त्या एका दिवसापुरता रंधा, वाकस, पटाशी ही हत्यारे माळ्यावरून खाली येतात, त्यांस गंध-फूल वाहिले जाते आणि दसरा उलटताच ती पुन्हा माळ्यावर जातात. घरातील दहा वर्षांच्या मुलास विचारावे, की बाळा, हे हत्यार कशाचे? त्यास सांगता येत नाही. या मुलास आपण पूजा शिकविली, परंतु ज्याची पूजा करावयाची त्याची ओळख करून दिली नाही.

याचे कारण आळस नव्हे किंवा कृतघ्नपणाही नव्हे. ते आपण सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. ज्या बापाने दिवसभर घण मारून रात्री पाठ शेकली, ज्याच्या मजुरीचे पैसे बंगल्याच्या मालकाने चार चार खेपा घालावयास लावून दिले, ज्यास 'ए मिस्त्री' अशी हाक उभ्या जन्मात ऐकावी लागली, त्या बापाने मनाशी निश्चय केला, की माझा मुलगा खुर्चीवर बसून काम करील. हा निश्चय लज्जास्पद नाही. त्या निश्चयामुळेच आज या सभागृहात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेतील अधिकारी आहेत. तेव्हा 'आपल्या मुलांनी पुन्हा पटाशी धरावी' असे कोणी बोलू लागला, की त्या बापाच्या काळजात धस्स होते. आमचे आजचे सर्व बोलणे त्या बापास उद्देशून आहे, असे समजावे.

म्हणून प्रथमच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगून टाकितो. मुलास हत्यारांची ओळख करून देणे म्हणजे त्यास बापाच्या धंद्याला जुंपणे नव्हे. या दोहोंतील अंतर न ओळखल्यामुळे आपल्या देशात एकदा मोठा वाद माजला होता. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणिली. मुलांनी दिवसाकाठी सुमारे तीन तासच शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा व्यवसाय शिकण्यात घालवावा, असे तिचे स्वरूप होते. लोकांनी तिला 'कुलशिक्षण' असे उपरोधिक नाव दिले. चांभाराच्या मुलाने चांभार आणि न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे, असा या योजनेचा अर्थ होतो, म्हणून तिला कडाडून विरोध झाला. 1954 साली राजगोपालाचारी पदावरून दूर झाले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. आमच्या मते तो विरोध रास्त होता. जन्माने चिकटलेला धंदा ही बेडीच होय, मग ती सोन्याची का असेना.

परंतु त्या योजनेतील दोष हस्तव्यवसायाचा नव्हता, सक्तीचा आणि जातीचा होता. त्यापूर्वी सोळा वर्षे, 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. तीत सूतकताई, सुतारकाम, शेती यांपैकी एखादा उद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता, परंतु तो कोणा एका जातीच्या मुलांसाठी नव्हता. ब्राह्मणाच्या मुलानेही करवत धरावी आणि सुताराच्या मुलानेही ग्रंथ वाचावा, असा तिचा आशय होता. मद्रासची योजना मुलास त्याच्या बापाच्या ओसरीवर परत पाठवीत होती; वर्ध्याची योजना सर्व मुलांना एका ओसरीवर आणू पाहत होती. आम्हांस हवी आहे ती ही दुसरी वाट.

कायद्यानेही ही सीमारेषा स्पष्ट केली आहे. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. 2016 साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी झाली. शाळेनंतर किंवा सुटीत घरच्या, धोक्याच्या नसलेल्या उद्योगात मदत करण्याची मुभा तीत आहे. धोक्याच्या उद्योगांत तर अठरा वर्षांपर्यंत मनाई आहे. यातून आपण एक साधी कसोटी घ्यावी. मुलाने केलेली वस्तू विकली जात असेल, त्यास अमुक नग पुरे करावे लागत असतील, किंवा त्याची शाळा बुडत असेल, तर ती मजुरी होय. वस्तू बिघडली तरी चालते, कारण बिघडण्यातूनही शिकावयाचे असते, असे जेथे आहे ते शिक्षण होय.

आता हे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न उरतो. एक उदाहरण देतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. तेथील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाड आणि दिसावयास भक्कम होत्या. वर मातीचे जड धाबे होते. परंतु त्या जाड भिंती प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या: एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये माती व चिपा यांची भर. या दोहोंस एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलेच नव्हते. हादरा बसताच दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि धाबे खाली आले. आरपार दगड घालावा, हे शास्त्र जुन्या चांगल्या पाथरवटांस ठाऊक होते. पण दगड मोठा लागतो, घडविण्यास वेळ लागतो आणि भिंत उभी राहिल्यावर तो नसल्याचे घरमालकास दिसत नाही. घरमालकास त्याचे महत्त्व कळत असते, तर त्याने तो मागून घेतला असता. बंधुभगिनींनो, चांगले काम कोणते हे ओळखणारा समाज नसेल, तर चांगला कारागीरही हळूहळू उणे काम करू लागतो. त्याचे मोल पुढे कोणीतरी प्राणांनी फेडतो.

म्हणून आपले मूल पुढे कारागीर होवो, वकील होवो की नगरसेवक होवो, भिंत कशाने उभी राहते हे त्यास ठाऊक असले पाहिजे. आणि हे पुस्तकातून कळत नाही. ते हाताला कळावे लागते.

ही दृष्टी जगास नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, त्यात लाकडी ठोकळे हीच प्रमुख साधने होती. अमेरिकेतील थोर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने आपल्या हाताला व डोळ्याला वळण लावल्याचे श्रेय लहानपणच्या त्या ठोकळ्यांना दिले आहे. फिनलंडमध्ये 1866 साली उनो सिग्नेउस याच्या प्रयत्नाने लोकशाळांत हस्तव्यवसाय सक्तीचा झाला, आणि तेथील शाळांत तो आजही शिकविला जातो. आपल्याकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 साली कलाभवन काढिले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे त्याच संस्थेचे विद्यार्थी. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या अभ्यासक्रमात मुले कार्यशाळेतील काम, वीज, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही अंगे हाताने करून शिकतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा जाणकारांकडे जाऊन काम पाहावे व करावे, अशी शिफारस केली आहे. सरकारने मुलांस ज्यांच्याकडे पाठवावयाचे ठरविले, ते जाणकार आपल्याच घरांत बसलेले आहेत. आपण त्यांची वाट अडवू नये, एवढेच आता आपल्या हाती आहे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. यास मोठे भांडवल लागत नाही. आम्ही सुचवितो ते पाच उपक्रम मंगल कार्यालयाच्या अंगणात किंवा गावातील देवळाच्या आवारात होऊ शकतील.

पहिला उपक्रम ओळंब्याचा. मुलास दोरी, एक गोल वजन आणि एक लाकडी गुटका द्यावा. गुटक्याची रुंदी वजनाच्या जाडीएवढीच असली पाहिजे. गुटका भिंतीस टेकविला आणि वजन खाली भिंतीस जेमतेम शिवले, तर भिंत उभ्या रेषेत आहे. वजन दूर राहिले तर भिंतीचा माथा आपल्याकडे झुकला. ते भिंतीवर रेलून दोरी तिरपी झाली तर माथा मागे कलला. मग मुलांनी आपापल्या घरी जाऊन दाराच्या चौकटी तपासून याव्यात. याच दिवशी पाण्याची नळी द्यावी. पारदर्शक नळीत पाणी भरले, की दोन्ही टोकांस पाणी एकाच पातळीत राहते. त्यावरून अंगणाच्या दोन टोकांच्या भिंतींवर एकाच उंचीची खूण करिता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखविली जाते, हेही मुलांनी स्वतः पाहावे.

दुसरा उपक्रम दोरीचा. एका दोरीवर समान अंतरावर बारा भाग पाडावेत आणि तीन, चार व पाच भागांचा त्रिकोण ताणावा. तीन आणि चार भागांच्या बाजूंमध्ये बिनचूक काटकोन होतो. आपल्या शुल्बसूत्रांतील 'शुल्ब' या शब्दाचा अर्थच दोरी. यज्ञवेदी आखणारे आणि पाया आखणारे एकच विद्या वापरीत होते. यानंतर मुलांनी अंगणात चुन्याच्या फक्कीने खोलीचा पाया आखावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्ण सारखे नसतील तर खोली तिरकस आहे. जो मुलगा भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असतो, त्याचे दोन कर्ण दोन अंगुळांनी चुकले, की तो आपण होऊन पुन्हा दोरी ताणतो.

तिसरा उपक्रम विटेचा. प्रमाण वीट 190 मिलिमीटर लांब, 90 रुंद आणि 90 उंच असते. लांबी रुंदीच्या दुप्पट का नाही? कारण दोन विटा आडव्या ठेवून त्यांच्यामध्ये 10 मिलिमीटरचा सांधा धरला, की बेरीज बरोबर 190 होते. हे कोडे मुलांना घालावे आणि उत्तर त्यांनीच शोधावे. मग लाकडी साच्यात मातीच्या लहान विटा पाडून, सावलीत वाळवून, दोन भिंती रचावयास सांगाव्यात: एक सांध्यावर सांधा आलेली, दुसरी सांधेमोड साधलेली. दोन्हींस हाताने ढकलले, की पहिली सरळ चिरत जाते आणि दुसरी तग धरिते. त्याचबरोबर एका फळीवर गोट्यांची दुहेरी भिंत दोनदा रचावी, एकदा आरपार दगडांशिवाय आणि एकदा आरपार दगड घालून, आणि फळी हलवून पाहावी. किल्लारीत काय घडले, हे मग मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

चौथा उपक्रम कमानीचा. सुतारकाका मुलांसाठी पाचरीच्या आकाराचे नऊ ठोकळे कापून देतील. पुठ्ठ्याच्या अर्धगोल साच्यावर ते रचावयाचे, दोन्ही पायांशी जड दगड ठेवावयाचे, शेवटी माथ्यावर कळीचा ठोकळा बसवावयाचा आणि साचा अलगद काढून घ्यावयाचा. कमान उभी राहते तेव्हा मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो ज्याने एकदा ऐकला त्यास या शिक्षणाची निराळी शिफारस लागत नाही. मग पायथ्याचा दगड काढून पाहावा. कमान कोसळते, आणि जुन्या वेशीच्या दोन्ही अंगांस एवढे रुंद बुरूज का घातले, हे मुलांच्या ध्यानी येते.

पाचवा उपक्रम पाटाचा. दहा वर्षांपुढील मुलामुलींनी एक साधा पाट करावा. फळी मापून कापणे, रेषांच्या दिशेने रंधा चालविणे, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकणे, एवढेच काम. परंतु त्यात लाकडाचे सारे शास्त्र आहे. रेषांच्या उलट रंधा मारिला तर लाकूड ओरबाडते. आधी बारीक भोक न पाडिता टोकाशी खिळा ठोकला तर फळी चिरते. खालच्या पट्ट्या नुसता आधार देत नाहीत, फळीस वाकण्यापासूनही आवरितात. मापे घेताना मुलांना 'सूत' शिकवावे. आपले सुतार 'पाच इंच तीन सूत' असे बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत आणि एक सूत म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक. या एका मापात अपूर्णांक आणि दशमान पद्धती यांची सांगड बसते. आणि तयार झालेला पाट मुलाने घरी न्यावा व त्यावर बसून जेवावे. पाट डुगडुगला तर परीक्षकाची गरज उरत नाही.

चौदा वर्षांवरील मुलांसाठी यास विजेची आणि नळकामाची जोड द्यावी. दीड व्होल्टच्या घटावर लहान दिवे लावून, दोन दिवे एकापुढे एक जोडल्यास मंद का होतात आणि समांतर जोडल्यास का होत नाहीत, हे पाहावे. घरातील बटण फेजच्याच तारेवर का बसवितात, हे त्यावरून समजावून देता येते. घरच्या विजेस मात्र मुलांनी हात लावू नये.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. पाच मुलांमागे एक जाणता माणूस असावा. ठोकाठोकीच्या वेळी डोळ्यांस चष्मा असावा. विजेवर चालणारी करवत आणि सहाण मुलांच्या हाती देऊ नये. सिमेंट आणि कळीचा चुना कातडीस भाजतात. म्हणून मुलांनी चिखलमातीतच बांधावे, म्हणजे भिंत मोडून विटा पुन्हा वापरिता येतील. आणखी एक गोष्ट हत्यार न धरिलेल्या मंडळींस उलटी वाटेल: मुलाच्या हाती बोथट पटाशी देऊ नये. बोथट हत्यारास जोर अधिक लावावा लागतो आणि जोराने चालविलेले हत्यार निसटते. धार लावलेले हत्यार, घट्ट बसविलेले काम आणि धारेच्या मागे ठेविलेला हात, या तीन गोष्टी प्रथम शिकवाव्यात.

हे शिकवील कोण? आपल्या ज्ञातीत साठी-सत्तरी उलटलेले असे पुष्कळ कारागीर आहेत, ज्यांनी वाड्यांचे चौक उभे केले, देवळांच्या कमानी बांधल्या, बैलगाडीच्या चाकांस धावा चढविल्या. त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते बहुतांशी कागदावर उतरलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. लाकूड ठोकून आवाजावरून ते पक्के की पोकळ हे सांगणारा माणूस गेला, म्हणजे त्याच्याबरोबर एक ग्रंथ जळतो. आज घरांतून हे वृद्ध पुष्कळदा निरुपयोगी समजले जातात. नातवंडांच्या पुढे त्यांना गुरूच्या आसनावर बसविण्याची ही संधी आहे. मात्र मंडळाने त्यांस फुकट राबवू नये. शाल-श्रीफळाबरोबर मानधनही द्यावे. हाताच्या विद्येस मोल असते, हे आपणच न दाखविल्यास दुसरा कोण दाखवील?

आणि विद्यार्थी कोण? येथे आम्ही दोन गोष्टी आग्रहाने मांडतो. एक, मुलींना पहिल्या दिवसापासून बरोबरीने बसवावे. आपल्या शहरांत प्रत्येक इमारतीवर स्त्रिया काम करितात. विटांची घमेली त्यांच्या डोक्यावर असतात. परंतु जन्मभर घमेले वाहणाऱ्या त्या भगिनीच्या हाती थापी क्वचितच येते, आणि थापीची मजुरी घमेल्याच्या मजुरीहून अधिक असते. हा अन्याय लहानपणीच मोडला तर मोडेल. दुसरे, या शिबिराचे दार ज्ञातीबाहेरच्या मुलांसही उघडे असावे. ज्ञातीची विद्या ज्ञातीत राहावी, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु जी विद्या एकाच उंबऱ्याआड कोंडली गेली, तिला समाजाने हलके लेखिले, हा आपला शेकडो वर्षांचा अनुभव आहे. ज्या मुलाने स्वतः पाट करून पाहिला, तो पुढे मोठा अधिकारी झाला तरी कोणा सुतारास 'ए' म्हणून हाक मारणार नाही. आपल्या बापास जो मान मिळाला नाही, तो मिळविण्याचा मार्ग मुलास हत्यारापासून दूर नेण्यात नाही. सर्वांच्या मुलांना हत्यारापाशी आणण्यात आहे.

या ओळखीतून काही मुलांस खरीच गोडी लागेल. त्यांच्या पालकांस आम्ही सांगू इच्छितो, की आता हा मार्ग बापाच्या वेळेसारखा अंधारा राहिलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दिले जाणारे कारागीर-शिक्षण 1950 सालापासून चालू आहे. तेथे काही व्यवसायांस आठवी आणि पुष्कळांस दहावी उत्तीर्ण असावे लागते. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली कारखान्यांत विद्यावेतनासह उमेदवारी करिता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, सोनार, कुंभार अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांसाठी प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत हत्यारांसाठी साहाय्य आणि दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज यांची तरतूद केली गेली. तीत अठरा वर्षे वयाची अट आहे, आणि ती योग्यच आहे. लहानपणी ओळख व्हावी, तरुणपणी निवड व्हावी आणि निवडीनंतर रीतसर शिक्षण व्हावे, असा हा क्रम आहे. ओळखच झाली नसेल तर निवड कशातून करावयाची? आज आपल्या मुलापुढे चार वाटा आहेत असे आपण म्हणतो, परंतु त्यांपैकी एका वाटेचे दार आपण त्यास दाखविलेलेच नसते.

कोणी म्हणेल, अभ्यासाचा वेळ जाईल आणि गुण कमी पडतील. वर्षातून आठ दिवस उन्हाळ्याच्या सुटीत गेल्याने कोणाचे गुण बुडत नाहीत. उलट ज्याने काटकोन दोरीने साधला, त्यास पायथागोरसाचा सिद्धान्त पाठ करावा लागत नाही. आणि गुणांपलीकडचीही एक गोष्ट आहे. पाट डुगडुगला तर तो सबबीने स्थिर होत नाही; पाय तासावा लागतो. लाकडापुढे वशिला चालत नाही. आपले काम आपणच तपासावे आणि उणे असेल ते मुकाट्याने सुधारावे, ही सवय ज्या मुलास लागली, ते कोणत्याही खुर्चीवर शोभून दिसेल.

म्हणून या संमेलनापुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. मंडळाने येत्या उन्हाळ्याच्या सुटीत दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी आठ दिवसांचे हस्तकौशल्य शिबिर भरवावे. ओळंबे, गुण्या, करवती, रंधे, हातोड्या, पाण्याच्या नळ्या अशी एक फिरती हत्यारपेटी तयार करून ती वर्षभर निरनिराळ्या गावांच्या शाखांना व शाळांना आठवडा-आठवडा द्यावी. आणि गुणवंतांच्या सत्कारात यापुढे परीक्षेतील गुणांबरोबर हाताने उत्तम वस्तू घडविणाऱ्या मुलासही तेवढेच पारितोषिक, त्याच व्यासपीठावर, त्याच अध्यक्षांच्या हस्ते द्यावे. या तिन्हींस लागणारा खर्च आपल्या एका स्नेहभोजनाच्या खर्चाहून अधिक होईल, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या पूर्वजांनी भिंती सरळ उभ्या केल्या, कारण त्यांच्या हाती ओळंबा होता. मुलांस भिंत बांधावयाची असो वा नसो, सरळ कशास म्हणावे हे त्यांस आपणच दाखवून दिले पाहिजे. माळ्यावरची हत्यारे या वर्षी खंडेनवमीची वाट न पाहता खाली काढा, त्यांचा गंज उतरवा, आणि घरातील सर्वांत लहान हात प्रथम त्यांच्यावर ठेवा, एवढीच विनंती.